सातव्या अर्थाला वाक्य नाही

कीप (keep), अर्थ ३ : जागा धरणे
"ओ पावणं, ती जागा धरलीया मी. रुमाल दिसत न्हाय व्हय?"
तरुण, वय अंदाजे पंचवीस. कोल्हापूर–हुपरी एस्टी. १९ ऑगस्ट.

कार्डावर एवढंच आहे. कार्डावर जे नाही ते असं —

श्रावणातली एक सर नुकतीच येऊन गेली होती. स्टँडवर भज्यांचा वास, ओल्या गोणपाटाचा वास, आणि हुपरीच्या गाडीत बसायला जागा नाही. मी खिडकीजवळ बसले होते. माझ्याखाली एक निळा रुमाल होता. तो मला दिसला होता... आणि तरीही मी बसले होते.

आवाज इतका मोठा आला की पुढच्या सीटवरचे दोघंजण उठून उभे राहिले. मी नाही उठले. मी पर्समधून कार्ड काढलं, पेनचं टोपण दातात धरलं आणि म्हणाले,

"परत म्हणा."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. 'जागा धरलीया' — पुढचं नीट ऐकू आलं नाही."

तो मागं वळून बघायला लागला. मी दुसऱ्याच कुणाशी बोलत असेन, असं त्याला वाटलं असावं. हातात स्टीलचा डबा, केसांवर पावसाचे चार थेंब, आणि चेहऱ्यावर भांडायची सगळी तयारी.

"रुमाल दिसत न्हाय व्हय... म्हटलो." आवाज आता निम्मा.

"मघाशी जोरात म्हणाला होतात."

"मघाशी मला वाटलं, तुम्ही भांडणार."

"नाव काय तुमचं?"

"तक्रार करायलाय काय? बसा की मग. रुमाल तुमचाच समजा."

मी सरकले. जागा दीड माणसाची होती, तिच्यात दोघं बसलो. डबा त्यानं मांडीवर घेतला. गाडी हलली तसा डब्यातून बारीक आवाज आला — मूठभर घुंगरं एकदम हसल्यासारखा.

"सम्राट," तो जरा वेळानं म्हणाला. "नाव. हुपरी. पैंजणांचं काम हाय आमचं. आता तुमचं बोला."

मी सांगितलं. नाव प्रियदर्शनी, राहणार कसबा बावडा. काम : लोकांचं बोलणं ऐकून लिहून घेणं.

"ह्याला पगार मिळतो?"

"मिळतो."

"नुसतं ऐकायला?"

"लिहायला पण."

त्यानं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "आमच्या आईचं कुणी एवढं ऐकून घेतलं, तर ती उलट पगार देईल."

*

कीप, अर्थ १ : ठेवणे

हा सगळ्यांना येतो. सोडून देते.

*

(हे कार्ड नाही. हे मी आत्ता, आठ वर्षांनी लिहिते आहे.)

राजारामपुरीत, नवव्या गल्लीत, एका बाइंडिंगच्या दुकानावर केरबा सरांच्या दोन खोल्या होत्या. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून सर निवृत्त झाले आणि त्यांच्या लक्षात आलं, की पोरांना शब्दांचे अर्थ पाठ आहेत, पण ते अर्थ आपल्या तोंडात कुठं राहतात हे माहीत नाही. म्हणून पुस्तक. इंग्रजी क्रियापद, त्याचे अर्थ, आणि प्रत्येक अर्थापुढं आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं खरोखर उच्चारलेलं एक मराठी वाक्य.

खरोखर. या शब्दावर सर टेबलावर बोट आपटायचे.

वाक्य बनवायचं नाही. ऐकायचं. कोण बोललं, कुठं, कोणत्या तारखेला, हे कार्डावर लिहायचं. आणि छपाईआधी त्या माणसाला गाठायचं, त्याच्यासमोर वाक्य मोठ्यानं वाचायचं, आणि तो "व्हय, मी म्हटलोय" म्हणाला तरच ते पुस्तकात. याला सर खातरजमा म्हणायचे. आमच्याकडच्या बायका "मी आलो, मी जातो" असंच बोलतात, तर तसल्या वाक्यापुढं कंसात 'बाई' लिहायचं — नाहीतर कुणीतरी शहाणा मुद्रितशोधक ते दुरुस्त करून ठेवायचा.

माझ्या वाट्याला 'कीप' आलं होतं. त्याचे सात अर्थ सरांनी नक्की केले होते. माझ्याबरोबरच्या अनुजाला 'गेट' (get) मिळालं होतं. ती रोज दुपारी डबा खाताना रडायची.

मी रोज एका एस्टीत बसायचे. गडहिंग्लज, कागल, पन्हाळा — कुठलीही. ऑगस्टच्या त्या एकोणीस तारखेनंतर मात्र कुठलीही नाही. हुपरीचीच.

*

कीप, अर्थ ५ : करत राहणे
"ही पोरगी नुसती लिवतच ऱ्हातीया. च्याचं पाणी झालं की गं तुझ्या!"
शालूबाई, हुपरी. ९ सप्टेंबर.

शालूबाई म्हणजे सम्राटची आई. "वाक्यंच पायजेत न्हवं? मग घरी या," असं तो म्हणाला होता, आणि मी गेले होते.

पुढच्या खोलीत कारखाना. कारखाना म्हणजे चार पाट, गॅसची एक निळी ज्योत आणि चांदीच्या तारेची भेंडोळी. सम्राट मान खाली घालून कडीला कडी जोडायचा. एस्टीत एवढा मोठा आवाज करणारा माणूस त्या ज्योतीपुढं श्वाससुद्धा जपून घ्यायचा. जोडलेले पैंजण उंबऱ्यापलीकडे जायचे. तिथं गल्लीतल्या बायका बसून त्यांना घुंगरं लावायच्या. हात गुंतलेले, तोंडं मोकळी. माझ्यासारखीला स्वर्गच.

"जयभीम, आई," मी म्हणाले.

"जयभीम. ये, बस. सम्राट म्हणत हुता ती तूच व्हय? एस्टीतली?"

"रुमालावर बसलेली!" एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मी कार्ड काढलं. पण त्या वाक्यात 'कीप' नव्हतं, म्हणून परत पर्समध्ये टाकलं.

"भाऊ किती गं तुला?"

"एक. धाकटा."

"वडील काय करत्यात?"

"कारखान्यात आहेत. साखरेच्या."

"मग पोरगी गोड असणार की!"

"लई गोड नको," शालूबाई म्हणाल्या. "आमच्यात तिखटच चालतं."

ज्योतीपलीकडून सम्राटनं एकदा वर बघितलं. नुसतं बघितलं. मी कानाजवळची बट मागं सारली आणि कार्डावर तारीख घातली. तारीख चुकली... खोडून पुन्हा घातली.

*

कीप, अर्थ ४ : बाजूला काढून ठेवणे
"येक जोड मी बाजूला ठिवलाय. थोरल्या सुनंचा."
शालूबाई, हुपरी. ७ ऑक्टोबर.

हे कार्ड मला तोंडपाठ आहे.

त्या दिवशी शालूबाई म्हणाल्या, "पोरी, पाय पुढं कर."

"कशाला?"

"माप बघायचं हाय. येका गिऱ्हाइकाची लेक तुझ्याएवढीच हाय."

त्यांनी माझ्या घोट्याभोवती दोरा फिरवला, गाठ मारली आणि तो दोरा पदराच्या टोकात बांधला. मग वरचं वाक्य बोलल्या. बायकांचे हात घुंगरांवरच थबकले. मी भराभर लिहून घेतलं, कारण अर्थ चारसाठी इतकं स्वच्छ वाक्य महिनाभर मिळालं नव्हतं. आणि सभ्य माणसासारखं विचारलं,

"थोरली सून कुठं असते?"

सम्राटच्या चिमट्यातली कडी टण्णकन फरशीवर पडली.

"यायची हाय अजून," शालूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, सम्राटला थोरला भाऊ असेल आणि वहिनी माहेरी गेली असेल.

हसू नका. मला तेव्हा वाक्यं ऐकायची सवय लागली होती. बोलणं ऐकायची सुटली होती.

*

कीप, अर्थ २ : (जनावर) पाळणे
"दोन म्हशी पाळल्यात. येक दूध देती, दुसरी नुसती बघती."
आकाराम, कागल एस्टी. ११ ऑगस्ट.

याचा गोष्टीशी काही संबंध नाही. पण आकारामांनी खातरजमेला येताना सरांसाठी दोन लिटर दूध आणलं होतं, आणि "पहिलीचं हाय" असं सांगितलं होतं. ते मला अजून आठवतं, म्हणून.

*

कीप, अर्थ ६ : (वाट बघत) थांबवून ठेवणे
"अर्धा तास हुभं करून ठिवलंयस. पाय हाईत का खांब?"
सम्राट, राजाराम बंधारा, कसबा बावडा. १२ नोव्हेंबर.

नोव्हेंबर म्हणजे आमच्या बावड्यात कारखाना सुरू. हवेत मळीचा गोड-आंबूस वास, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची रांग, आणि पडलेलं कांडं उचलायला मागून धावणारी शाळेतली पोरं. सम्राट गुजरीतल्या सराफांकडं पैंजणांचा माल पोचवून बावड्याला आला होता. तोवर आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो होतो. कधी आलो ते कुठल्याच कार्डावर नाही.

"सर सोडेनात. मी काय करू?" मी म्हणाले.

"काय न्हाय. बस."

बंधाऱ्यावर बसलो. पाणी संथ, कडेला हिरवट, मधे आभाळाचा तुकडा. त्यानं एक ऊस आणला होता. सोलून, तुकडे करून, बऱ्यापैकी बारका तुकडा स्वतःला आणि मधला गोड तुकडा मला — असं न बोलता चाललं होतं.

"मी सेलमला चाललोय," तो म्हणाला.

"कधी येणार?"

"दोन वर्षांनी."

मी ऊस चावायची थांबले.

"मोठा कारखाना हाय तिथं पैंजणांचा. मशिनवरचं काम शिकायचं. आलो की हितं आपलं मशिन टाकायचं, म्हंजे आईच्या डोळ्यांस्नी आराम. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाडी हाय."

"बरं," मी म्हणाले.

"एवढंच?"

"आणखी काय म्हणू?"

त्यानं चावलेली चोयटी पाण्यात भिरकावली. ती तरंगत गेली. "मग लिहून तरी घे की."

"काय?"

"मी बोललो ते."

"त्यात कीप नाही," मी म्हणाले.

तो हसला. मीही हसले. आणि घरी येईपर्यंत मला कळेना की मळीच्या वासानं डोळ्यांत इतकं पाणी कसं येतं... आम्ही तर जन्मापासून त्याच वासात राहतो.

*

कीप, अर्थ ७ : सोबत करणे

या अर्थाला वाक्य मिळत नव्हतं. तीन महिने. लोक एकमेकांची सोबत करतात, पण तसं बोलत नाहीत. "चल, मी हाय" म्हणतात आणि चपला घालतात. सर म्हणाले, "नसेल मिळत तर जागा रिकामी जाऊ दे. पण बनवायचं नाही."

१८ नोव्हेंबर. संध्याकाळ. कारखान्याचा भोंगा झाला. मी टेबलाशी कार्डं लावत बसले होते. सम्राटची बारा कार्डं होती. रुमालाचं, एस्टीच्या कंडक्टरचं, बंधाऱ्यावरचं. एकातही मी नव्हते. पुढच्या रविवारी हा माणूस जाणार, आणि माझ्यासाठी एकसुद्धा वाक्य मागं ठेवून जाणार नाही.

मग मी एक कोरं कार्ड घेतलं.

"तू जगाच्या पाठीवर कुठंही अस, माझी सोबत सावलीसारखी तुझ्याजवळ राहील."
सम्राट, हुपरी. १८ नोव्हेंबर.

माझं सगळ्यात सुंदर अक्षर त्याच कार्डावर आहे.

उद्या फाडू, असं ठरवलं होतं. पण सकाळी अनुजानं सगळी कार्डं गठ्ठ्यात बांधली, गठ्ठा सरांच्या कपाटात गेला, आणि सरांनी निरोप धाडला — हुपरीकरांना शुक्रवारी खातरजमेला बोलवा.

*

शुक्रवार. खातरजमा. जसं झालं तसं :

केरबा सर खुर्चीत. समोर बाकावर सम्राट, धुतलेला शर्ट, हातात तोच डबा. मी कपाटाशी. गुरुवारी मी त्याला तीनदा फोन केला होता. पहिल्यांदा त्यानं उचलला तेव्हा माझ्या तोंडून "उद्या ये बरं का" एवढंच निघालं, पुढच्या दोनदा मीच रिंग व्हायच्या आधी कापला.

"आई नाहीत आल्या?"

"घुंगरांचं काम अडलंय, सर. तिनं सांगितलंय, सगळं मीच बोललोय म्हणून सांग. कंसात बाई लिवा."

सर खूश झाले. वाचायला लागले.

"'ओ पावणं, ती जागा धरलीया मी.'"

"व्हय, मी म्हटलोय."

"'अर्धा तास हुभं करून ठिवलंयस.'"

"व्हय. ते तर लई मनापासून."

एक, दोन, पाच, नऊ. व्हय, व्हय, व्हय. मग सरांनी चष्मा वर सरकवला.

"'तू जगाच्या पाठीवर कुठंही अस, माझी सोबत सावलीसारखी तुझ्याजवळ राहील.'"

खाली बाइंडिंगच्या दुकानात कागद कापायचं यंत्र चालू होतं. ते थांबलं. किंवा मला तसं वाटलं.

सम्राटनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. एक शब्द होता. व्हय. एवढाच हवा होता मला. माझं काम राहिलं असतं, माझी लाज राहिली असती, आणि पुस्तकात कायमचं छापलं गेलं असतं की हुपरीच्या एका सम्राटनं असं म्हटलं होतं. कुणाला, ते कुणी विचारलं नसतं.

"हे माझं न्हवं," तो म्हणाला.

"नीट आठवा."

"सर, 'जगाच्या पाठीवर' म्हटलो असतो तर मला आठवलं असतं की."

सरांनी कार्ड उलटंपालटं करून बघितलं. टेबलाच्या वेगळ्या कोपऱ्यात ठेवलं. मग मान न वळवता विचारलं, "प्रियदर्शनी, हे ऐकलंस?"

"नाही."

"मग?"

"...बनवलं."

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "सोमवारपासून तू प्रुफं बघ. कार्डं अनुजा करेल."

मी जिन्याकडं पळाले.

*

जिना. बारा पायऱ्या. खळीचा आणि कोऱ्या कागदाचा वास.

"ओ! थांब की!"

"जा तू सेलमला!"

"रविवारी जाणार हाय. आज शुक्रवार हाय."

"एक 'व्हय' म्हणाला असतास तर काय तुझी चांदी झिजली असती?"

"खोटं कसं म्हणू? आणि तसलं?" तो दोन पायऱ्या खाली आला. "उद्या पुस्तकात छापून येणार, हुपरीचा सम्राट म्हणतोय, सावलीसारखी! आमच्या गल्लीतली पोरं मला एस्टीत चढू देणार न्हाईत."

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. मी भिंतीकडं तोंड केलं.

"पिऊ."

हे नाव घरचे लोक वापरतात. त्याला कुणी सांगितलं?

"ते... मी म्हणावं, असं वाटतंय तुला?"

मी भिंतीचा पोपडा नखानं खरवडत राहिले.

"मग विचारायचं की सरळ."

"असं विचारतात?"

"मी विचारलोय की."

"कुणाला?"

"आईला. सप्टेंबरातच. मामाला विचारलं. घुंगरं लावायला येत्यात त्या सगळ्या बायकास्नी ठावं हाय. आईनं सांगितलंय, दोन वर्षं कुणी पोरगी दाखवायला आणू नका, आमची ठरलीया म्हणून."

मी वळले. "अख्ख्या हुपरीला माहीत आहे?"

"निम्म्या."

"आणि मला?"

तो खरोखर गोंधळला. कपाळाला आठी, तोंड अर्धवट उघडं. "तुला ठावं न्हवतं? आईनं तुझ्या पायाचं माप घेतलं न्हवं? तू तर लिवूनसुद्धा घेतलंस!"

लिहून घेतलं होतं. तारखेसकट. थोरला तर हाच होता. यायची हाय अजून...

मी तिसऱ्या पायरीवर मटकन बसले. हसत होते की रडत होते, ते खालच्या बाइंडरलाही कळलं नसावं. त्यानं पाण्याचा तांब्या आणून पायरीवर ठेवला आणि यंत्रामागं गेला.

"म्हण मग," मी म्हणाले.

"काय?"

"तुझं. तुझ्या तोंडचं. मला. आईला नाही, मामाला नाही."

एस्टीत दोन माणसांना उठवणारा तो आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. त्याचे कान लाल झाले. त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला. घुंगरं बोलली, तो नाही. मग खाली बघत, पायऱ्या मोजल्यासारखं,

"सेलमला सातला काम सुटतं. फोन कर. मी आधी ठेवणार न्हाय."

मी वाट बघितली. पुढं काही आलं नाही. तेवढंच होतं.

"कधीच?"

"आधी न्हाय," तो म्हणाला, आणि हुपरीची साडेपाचची गाडी गाठायला निघून गेला.

*

छापील पुस्तकात, पान एकशे बारा :

कीप, अर्थ ७ : सोबत करणे. (वाक्य मिळाले नाही.)

प्रुफं मीच बघत होते. सरांनी त्या ओळीवर पेन्सिल ठेवून विचारलं, "अजून नाही मिळालं?"

मिळालं होतं, त्या जिन्यात. मी दिलं नाही. सरांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं, पेन्सिल कानावर लावली आणि पान उलटलं. सर आता नाहीत. त्या दोन खोल्यांत मोबाइल दुरुस्तीवाला बसतो. मला वाटतं, त्यांना माहीत होतं.

*

(यालाही अर्थाचा आकडा नाही.)

दोन वर्षं, रोज संध्याकाळी सात.

त्याला फोनवर बोलता यायचं नाही. "जेवलीस?" "पाऊस?" "बरं." संपलं. पण तो ठेवायचाही नाही. फोन पाटाशेजारी ठेवून उरलेलं काम करत बसायचा. मला हातोडीचा टक टक आवाज ऐकू यायचा, कुणाचं तरी तमिळ बोलणं, चहाच्या पेल्यांचा आवाज. मी इकडं प्रुफं बघायचे. कधीतरी एखादं मजेचं वाक्य मोठ्यानं वाचायचे. आकारामांच्या म्हशीचं वाचलं तेव्हा पलीकडे सात-आठ जण हसले. सम्राटनं त्यांना कसं समजावून सांगितलं असेल, देव जाणे.

रेंज गेली की दोन मिनिटांत त्याचा फोन यायचा. आवाजात खरी काळजी.

"मी न्हाय ठेवला हं. आपोआप गेला."

"माहीत आहे."

त्यामुळं झालं असं, की रोज फोन मलाच ठेवावा लागायचा. आई जेवायला हाक मारायची, मी "ठेवते हं" म्हणायचे, तो "ठेव की" म्हणायचा, आणि थांबायचा. लाल बटणावर माझंच बोट. सातशे संध्याकाळी. हे काम हलकं नसतं, हे त्याला त्या जिन्यात माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. काही दिवस तर मी नुसती बसून राहायचे, जेवण गार, कानाला फोन, आणि पलीकडे टक... टक... टक.

मग एक दिवस तो निघाला. रेल्वेनं मिरज, तिथून एस्टी. मी आणि शालूबाई कोल्हापूरच्या स्टँडवर. सातला फोन वाजला. या वेळी त्यानं केला होता.

"हातकणंगलं गेलं."

"बरं."

"जागा मिळाली न्हाय. हुभाच हाय."

"रुमाल टाकायचा की."

"वर कुणी बसलं तर?"

शालूबाई माझ्याकडं न बघता हसत होत्या. गर्दी, कंडक्टरांच्या शिट्ट्या, शेंगदाणेवाल्याची हाक. "शिरोली आली," तो म्हणाला. मग "पूल आला." मग बराच वेळ नुसता गाडीचा आवाज. माझ्या कानात एक इंजिन, आणि थोड्या वेळानं समोरही एक इंजिन, तेच.

तो उतरला. जरा काळा पडला होता. एका हातात बॅग, दुसऱ्या हातानं फोन कानाला. माझाही. मधे चार पावलं.

"दिसलीस," तो फोनमध्ये म्हणाला.

"तूपण," मी फोनमध्ये म्हणाले.

"आरं, आता तरी ठिवा की ती डबडी!" शालूबाई ओरडल्या, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा. "तोंडाम्होरं तोंड हाय न्हवं!"

माझं बोट सवयीनं लाल बटणाकडं गेलं. "ठेवते हं," मी म्हणाले.

"थांब," तो म्हणाला. हे वाक्य मला दोन्हीकडून ऐकू आलं, फोनमधून आणि समोरून. "आज तू न्हाय."

त्यानं बॅग खाली ठेवली. फोन कानापासून काढला, एकदा त्याच्याकडं बघितलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच, माझ्या आधी, त्यानं ठेवला.